रविवारी मरणारी पिल्लं

पहिली तीन पिल्लं मेली त्या रविवारी सकाळी मी घरी नव्हते. मी पाण्यासाठी पोस्टर चिकटवत फिरत होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांना 'त्या वेळी तुम्ही कुठे होतात?' असं दरडावून विचारलं, आणि मला मात्र ते कोणीच विचारलं नाही.

आम्ही विश्रांतवाडीला राहायचो, आळंदी रस्त्यावरून आत वळलं की लागणाऱ्या बैठ्या घरांत. दोन खोल्या आणि मागे परसासारखी मोकळी जागा. आई माझ्या लहानपणीच गेली. वडील खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला. आणि वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या, हिला आमच्याकडे येऊन तेव्हा वर्ष झालं होतं. तिचं गाव शहरात आलं. असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर शहर तिच्या गावात शिरलं आणि तिच्या घरावरून रुंद रस्ता गेला. आत्या आमच्याकडे आली ती एक ट्रंक आणि काखेत एक तांबडी कोंबडी घेऊन. सिटी बसच्या कंडक्टरने कोंबडीचं अर्धं तिकीट मागितलं तेव्हा ती म्हणाली होती, "पूर्न घे. पर मग तिला शीट दे बसाया."

ही तांबडी साधी कोंबडी नव्हती. आत्या लग्न होऊन सासरी गेली तेव्हा सासूने तिच्या ओटीत एक पिल्लू घातलं होतं. त्या पिल्लाच्या लेकी, नाती, पणत्या असं करत करत ही आली होती. घर गेलं, गोठा गेला, दारातली चिंच गेली. त्या दारातलं म्हणून चालतंबोलतं उरलं ते एवढंच. आणि तांबडी म्हातारी झाली होती. त्या उन्हाळ्यात ती खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायला हलेचना, तेव्हा आत्या मला म्हणाली, "ही शेवटची बैठक हाय तिची. ह्यातलं जगलं तर हायेत, न्हाई तर आमचं दार मिटलं."

नऊ पिल्लं निघाली. आत्याने त्यांच्यासाठी मीठ-मोहरी ओवाळली. मी अर्थातच अंधश्रद्धेवर चार वाक्यं ऐकवली.

आता माझ्याविषयी. आम्ही पाच जण मिळून एक समिती चालवायचो. आमच्या भागात नळाला पाणी येत नव्हतं. (आजही धड येत नाही, हे इथेच नोंदवते. बाकी सगळ्यात मी चुकले असेन, पाण्याच्या बाबतीत नाही.) समितीत मजकूर मी लिहायचे आणि खळही मीच शिजवायचे. मजकूर लिहिणाऱ्याचं नाव होतं, खळ शिजवणाऱ्याच्या हाताला चटके बसतात, आणि दोन्ही कामं एकाच बाईकडे कशी येतात यावर एक वेगळं पत्रक निघेल. शनिवारी संध्याकाळी परसात तीन विटांवर पातेलं ठेवून मैद्याची खळ शिजवायची, रविवारी पहाटे फटफटलं की भिंती गाठायच्या, असा आमचा नेम.

खळीची कृती मला खडकी बाजारातल्या बायंडिंगवाल्या चाचांनी दिली होती. आम्ही पत्रकं छापायचो त्या छापखान्याला लागूनच त्यांचं पिढीजात दुकान. नुसत्या मैद्याच्या खळीचे पोस्टर शेळ्या खातात, ही आमची पहिली राजकीय अडचण होती. दोन शेळ्या होत्या. मालक कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. आम्ही पुढे चिकटवत जायचो आणि त्या मागून सोलत यायच्या. चाचांनी मला मोरचुदाची पुडी दिली. मोरचूद म्हणजे ते निळेजर्द खडे. द्राक्षबागेवर फवारतात, बायंडर खळीत घालतात. मग पुस्तकाला ना कसर लागत ना उंदीर.

"चिमूटभर हं, बेटी," चाचा म्हणाले होते. "चिमूट बोटांची. रागाची नाही."

मी मूठभर घातली. शेळ्यांनी एकदा हुंगलं, माना फिरवल्या आणि निघून गेल्या. माझा मजकूर आठवडा आठवडा भिंतीवर टिकायला लागला. लेखकाला आणखी काय पाहिजे?

तर तो पहिला रविवार. मी दहाच्या सुमारास परतले तेव्हा आत्या परसात बसली होती आणि तिच्यासमोर तीन पिल्लं आडवी. एक अजून पाय झाडत होतं.

"सक्काळी सोडली तवा टुनटुनीत हुती," आत्या म्हणाली. "ही अशी मान टाकली, हिरवट हगली आन् गेली."

"काय खाल्लं?"

"तांदळाच्या कन्या टाकल्या हुत्या. त्याच तर रोज खात्यात. मला वाटतं दिष्ट."

"आत्या, दृष्ट वगैरे काही नसतं. प्रत्येक मरणाला कारण असतं आणि प्रत्येक कारणाला जबाबदार माणूस असतो."

हे वाक्य मी आधी पाण्याच्या पत्रकात वापरलं होतं. ते इथेही चपखल बसलं. चांगल्या वाक्याचा हाच धोका आहे.

जबाबदार माणूस शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. आमच्या परसाच्या मागे एका सोसायटीची भिंत होती आणि भिंतीपलीकडे सोसायटीचे सेक्रेटरी. हे निवृत्त गृहस्थ दोन महिन्यांपूर्वी आमच्या दारावर टंकलिखित कागद लावून गेले होते : 'आपल्या कोंबड्यांच्या आरवण्यामुळे येथील ज्येष्ठ सभासदांची झोपमोड होते. कृपया बंदोबस्त करावा. पुन्हा सांगितले जाणार नाही.' बंदोबस्त! पुन्हा सांगितले जाणार नाही! मला आणखी पुरावा नको होता. आरवत होता तो कोपऱ्यावरच्या खाटकाकडचा कोंबडा; आमच्याकडे एक म्हातारी कोंबडी, ती कशाला आरवेल? पण हे सांगायला भिंतीपलीकडे जावं लागलं असतं, आणि मी लिहिणं जास्त पसंत करते.

समितीची बैठक झाली. पाण्याच्या प्रश्नाला या निमित्ताने मानवी, निदान पक्षीय, चेहरा मिळेल यावर एकमत झालं. मी मथळा दिला : 'पिल्लांचे मारेकरी कोण?' खाली गरिबांचं परस, बंगलेवाल्यांची झोप, असं सगळं. सेक्रेटरींचं नाव घातलं नाही. आम्ही जबाबदार संघटना होतो. फक्त त्यांच्या भिंतीवर चिकटवायच्या प्रतीवर मी ब्रशने एक ठसठशीत लाल बाण काढला, त्यांच्या फाटकाकडे रोखलेला.

शनिवारी खळ शिजवली. माझ्या खळीत गुठळ्या होतात. आजवर एकदाही झाल्या नाहीत असं झालेलं नाही. गुठळी कागदाखाली राहिली की अक्षरावर टेंगूळ येतं, म्हणून मी त्या बोटांनी वेचून काढायचे आणि परसातल्या शेवग्याच्या बुंध्याशी भिरकवायचे. पातेल्याच्या तळाची खरवडही तिथेच.

रविवारी चार पिल्लं मेली.

या वेळी आत्याने पहाटेपासून पहारा दिला होता. हातात काठी घेऊन ती आभाळाकडे बघत बसली होती, घारीसाठी, कावळ्यांसाठी. मांजर आलं तर म्हणून अधूनमधून भिंतीकडे. खाली बघायचं कारणच नव्हतं. खाली त्यांची आई होती.

मला मात्र सगळं लख्ख दिसलं. पत्रक लावलं पहाटे, पिल्लं मेली सकाळी! आवाज उठवला म्हणून सूड उगवला! मी तशीच, पायात चप्पल घालायलाही न थांबता, सोसायटीच्या फाटकावर गेले. सेक्रेटरी बाहेरच होते. ते बाणासमोर उभे राहून चष्म्यातून पोस्टर वाचत होते.

"आज सकाळी तुम्ही कुठे होतात?" मी विचारलं.

"नमस्कार," ते म्हणाले. "आपण बाण काढणाऱ्या का?"

"आमची चार पिल्लं मेली. गेल्या रविवारी तीन. तुम्हाला कोंबड्यांचा त्रास होतो हे तुम्ही लेखी दिलंय."

"दिलंय ना. मला कोंबड्या आवडत नाहीत, हे मी लेखी दिलं. मारायच्या असत्या तर तेही लेखी दिलं असतं. तारीख घालून."

"म्हणजे तुम्ही नाकारताय?"

"अहो ताई, मी सात वाजेपर्यंत झोपलो होतो. तक्रारच झोपेची आहे माझी." मग पोस्टरवर बोट ठेवून, "मारेकरी बरोबर लिहिलंय. पुष्कळ जण 'मारेकरि' लिहितात," असं म्हणून ते आत गेले आणि फाटकाची कडी लावली.

मी ही निगरगट्टपणाची कमाल मानली. घरी येऊन वडिलांना सांगितलं तर ते वर्तमानपत्रामागून म्हणाले, "आधी डॉक्टरला दाखव. मग फाशी दे."

म्हणून सोमवारी मी दोन मेलेली पिल्लं पावाच्या कागदात गुंडाळून जनावरांच्या दवाखान्यात नेली. आत्या आली नाही. राहिलेल्या दोघांना तिने डालग्याखाली झाकलं होतं आणि डालग्यावर हात ठेवून ती बसली होती. रात्रीही ती तशीच बसली असणार. सकाळी तिच्या तळहातावर वेताची नक्षी उमटली होती.

दवाखान्यातले डॉक्टर म्हशीच्या कासेला मलम लावून नुकतेच हात धूत होते. त्यांनी पिल्लं उलटीपालटी केली.

"मान वाकडी झाली होती? झटके? गोल गोल फिरत होती?"

"नाही."

"मग मानमोडी नाही. कोंबडीला काही झालं?"

"जरा मलूल आहे. पण बरी आहे."

"कधी कधी मेली?"

"मागच्या रविवारी तीन, काल चार."

"आणि मधल्या आठवड्यात?"

"एकही नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "रोगाला वार कळत नाही, बाई. माणसाला कळतो." मग त्यांनी एक पिल्लू चिरलं आणि चिमट्याने आतलं दाखवलं. मी नीट पाहिलं नाही. मला चळवळीत रक्ताची सवय आहे, पण लाल रंगाच्या रक्ताची. हे निळसर हिरवं, चिकट होतं. "काहीतरी विषारी गेलंय पोटात. पिठात कालवल्यासारखं. घरात असं काय आहे ते बघा."

"घरात नाही," मी म्हणाले. "बाहेरून येतं."

"आधी घरात बघा," ते म्हणाले, आणि पुढची शेळी आत घेतली.

त्यातला 'आधी घरात बघा' एवढा भाग सोडून बाकी सगळं मी समितीला जसंच्या तसं सांगितलं. विष! पिठात कालवलेलं! माणसाचं काम! शनिवारची वाट बघण्यात अर्थ नव्हता. सोमवारी संध्याकाळी छापखान्यात 'विषप्रयोग सिद्ध!' हा मथळा जुळला आणि मंगळवारी सकाळी भर उन्हात मी परसात विटा मांडल्या. पाच किलो मैदा. मोरचूद या वेळी दोन मुठी, कारण शेळ्यांनी मजकुराच्या मधोमध तोंड घातलं तर 'विष' एवढंच राहायचं.

आत्याने उन्हासाठी म्हणून तांबडीला आणि दोन पिल्लांना बाहेर काढलं होतं. ती तिथेच उकिडवी बसून त्यांच्यावर डोळा ठेवून होती. मी खळ ढवळत तिला समजावत होते की हा आता फक्त कोंबड्यांचा प्रश्न उरलेला नाही.

"मंग कशाचा हाय?" आत्याने विचारलं.

"व्यवस्थेचा."

"बरं," आत्या म्हणाली.

मी एक गुठळी वेचली आणि शेवग्याखाली टाकली. तिच्या पोटात न विरघळलेला निळा खडा होता, उन्हात चमकला. तांबडी लगबगीने गेली. तिने गुठळी चोचीत धरली, पुन्हा खाली ठेवली आणि 'कुट कुट कुट' करून पिल्लांना हाक मारली. कोंबडी चांगलं काही सापडलं की आधी स्वतः खात नाही, पिल्लांना बोलावते. एक पिल्लू धावलं आणि त्याने तो निळा खडा गिळला.

आत्या ओरडली नाही. तिने झडप घालून दुसरं पिल्लू उचललं, पदरात टाकलं, आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "त्या खळीत काय टाकतीस गं बये?"

मी डाव हातात धरून उभी होते. खळ बुडबुडत होती. मोरचुदाची उघडी पुडी विटेवर होती, माझी नखं निळी होती, आणि दहा दिवसांत ती एकदाही माझ्या नजरेला आली नव्हती. सोसायटीच्या भिंतीपलीकडचं मला सगळं दिसत होतं.

"पोस्टर खाऊ नयेत म्हणून," मी म्हणाले. "शेळ्यांनी."

त्या पिल्लाला आत्याने ताक पाजून पाहिलं, तूप पाजून पाहिलं. दुपारी त्याने मान टाकली. आत्याने ते शेवग्याखाली पुरलं, बाकीच्यांशेजारी. मला एक शब्द बोलली नाही. मला शिव्या खायची सवय आहे, घोषणा ऐकायची आहे, पोलीस चौकीत तासनतास बसवून ठेवलं तर बाकावर पसरायची आहे. गप्प बसलेल्या बाईसमोर काय करायचं ते कोणत्याही शिबिरात शिकवलेलं नाही.

संध्याकाळी वडील कामावरून आले, त्यांनी ऐकून घेतलं, हातपाय धुतले आणि म्हणाले, "एवढी वर्षं दारूगोळा भरतोय. माझ्या हातून अजून चिमणी मेली नाही."

मी मोरचुदाची पुडी चाचांना परत नेऊन दिली. त्यांनी तिचा हलकेपणा हातावरच ओळखला. "चिमूट?" एवढंच विचारलं.

आता प्रश्न जाहीर माफीचा होता. आरोप जाहीर केला तर माफीही जाहीर, एवढा व्यवहार मला कळतो. मी समितीपुढे विषय मांडला. आमच्यातला सगळ्यात थोरला, जो खळ शिजवायला कधीच नसायचा, तो म्हणाला, "हे बघ, चुका होतात. त्या अंतर्गत बैठकीत मांडायच्या असतात."

"ही अंतर्गतच बैठक आहे."

"मग मांडलीस ना? झालं तर."

दुसरा म्हणाला की माफीने पाण्याची मागणी कमकुवत होईल. तिसऱ्याने विचारलं की सेक्रेटरी वर्गाने कुठला तरी अन्याय केलेला असणारच ना? 'मारेकरी कोण?' लिहून, छापून, भिंतीवर लागायला सहा दिवस लागले होते. माफीच्या मसुद्यावर दीड महिना चर्चा झाली आणि शेवटी तो एका उपसमितीकडे गेला. उपसमितीत मी नव्हते.

या दीड महिन्यात राहिलेलं एक पिल्लू वाढलं. आत्या त्याला हातातून सोडायची नाही. निवडलेल्या कण्या, स्वतःच्या ताटातला भात, आणि परसाऐवजी ओटीवर पसरलेल्या गोणपाटावर फिरणं. मी जवळ गेले की ती पिल्लू उचलून दुसऱ्या मांडीवर घ्यायची. मुद्दाम नाही. हात आपोआप जायचा तिचा. तांबडी त्या पावसाळ्यात गेली. म्हातारपणाने, असं आत्या म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

शेवटी एका रविवारी मी एकटीनेच मोठ्या कागदावर ब्रशने लिहिलं : 'पिल्ले मीच मारली. माझ्या खळीतल्या मोरचुदाने. सोसायटीच्या सेक्रेटरींचा यात काहीही संबंध नाही. त्यांची माफी मागते.' खाली समितीचं नाही, माझं नाव. खळ नुसत्या मैद्याची. पहाटे सोसायटीच्या भिंतीवर, बाणाच्या पोस्टरशेजारी चिकटवलं आणि लोकांनी वाचावं म्हणून घरी आले.

साडेआठला पाहायला गेले तर दोन्ही शेळ्या मागच्या पायांवर उभ्या होत्या. खालचा निम्मा कागद संपला होता आणि उरलेला एकीच्या दाढीवरून लोंबत होता. सेक्रेटरी फाटकात उभे.

"वाचलं का तुम्ही?" मी धापा टाकत विचारलं.

"वाचलं. 'पिल्ले मीच मारली' इथपर्यंत. पुढचं हिनं वाचलं."

मी त्यांना पुढचं तोंडी सांगितलं. लिहिलेलं बोलून दाखवताना फार आखूड होतं. ते ऐकत होते. मग त्यांनी शेजारी बघितलं. बाणाचं पोस्टर दीड महिन्याच्या उन्हापावसात फिकटलं होतं, पण त्याचा एक कोपराही सुटला नव्हता. ना शेळी, ना वाळवी.

"आणि हे?" ते म्हणाले. "हे कधी खाणार त्या?"

मी घरून खुरपं आणलं. मी भिंत खरवडायला लागले तशी आत्या मागून आली. काखेत पिल्लू, हातात गोणपाट. तिने गोणपाट भिंतीच्या कडेला अंथरलं आणि तांदूळ निवडायला बसावं तशी बसली. माझ्या खुरप्याखालून पडणारा एकेक कपटा उचलून ती पिशवीत टाकत होती.

"समदं खरवड," ती म्हणाली. दीड महिन्यात मला सांगितलेलं पहिलं काम. "खालचा कोपरा ठिवू नको. कोनाच्या बी कोंबड्या फिरत्यात. तितंच चोच घालत्यात."

सेक्रेटरी गेले नव्हते. ते आत्याच्या काखेकडे बघत होते.

"हेच का ते राहिलेलं?"

"हां."

"आरवेल ना हे मोठं झाल्यावर?"

आत्याने पिल्लू वर धरलं, त्याचा अजून न फुललेला तुरा अंगठ्याने मागे दाबून त्यांना दाखवला. तांबूस पिसं फुटायला लागली होती.

"तलंग हाय," ती म्हणाली. "मादी. अंडी दील, बसंल, पिल्लं काढंल. आरवायची न्हाई."

"मग हरकत नाही," सेक्रेटरी म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "कागद हवा असेल तर तसं लेखी देतो."

"नगं," आत्या म्हणाली. "लई झालं लिवनं."

मजकूर निघाला होता, मथळाही. मी बाण खरवडायला घेतला. तो फाटकावरून नीट दिसावा म्हणून त्याच्यामागे सगळ्यात जास्त खळ थापली होती मी.